सह्याद्रीत वाढलेल्यांनी वाळूच्या दगडावर जावं का? बदामी की पचमढी?

खडकवासला_लोकल · मंगळवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. ख्रिसमसच्या आठवड्यात आमच्या ग्रुपला सलग पाच दिवस सुट्टी जमतीये, जे फार क्वचित होतं, त्यामुळे ती उगाच सिंहगड-राजगड करून घालवायची नाहीये. सगळ्यांचं म्हणणं पडलं की जन्मभर काळा कातळ बघितला, यावेळी लाल दगडाचे कडे बघू. दोन नावं निघाली, बदामी आणि पचमढी. दोन्हीकडे वालुकाश्म, दोन्हीकडे चालायला भरपूर, असं वाचलंय.

भानगड अशी की ग्रुपमध्ये सगळं सँपल आहे. वडील सत्तरीच्या पुढे, एक गुडघा बरा एक नाटकी. मुलगी अकरावी सायन्सला, तिला दगडमातीत भयंकर इंटरेस्ट. दोन मित्र क्लायंबिंगवाले, ते रोप-बोल्टशिवाय दुसरं बोलत नाहीत. आणि एकजण सिव्हिल इंजिनियर, त्यामुळे त्याला सगळ्यातलं कळतं. तो म्हणतो वाळूचा दगड म्हणजे भुसभुशीत प्रकार, त्याच्या कड्यावर जाणं म्हणजे जीवाशी खेळ. माझं मत उलटं आहे, दीड हजार वर्षं त्यात लेणी टिकलीत तर आपण दोन दिवस टिकू की.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. हॉटेलच्या लिंका नकोत, गूगल मलाही येतं.

बंडूनाना · मंगळवार, रात्री १०.५२

रुमाल टाकून ठेवतो.

एक कळलं नाही, पुण्याहून साडेचारशे किलोमीटर जाऊन दगडच बघायचा? आमच्या वेताळ टेकडीवर खाण आहे, फुकट आहे, वर कुत्री पण आहेत.

सालटं_निघाली · मंगळवार, रात्री ११.१५

बदामी. डोळे झाकून बदामी. तुमच्या त्या दोन क्लायंबर मित्रांना पचमढीला नेलंत तर ते परत येताना तुमच्याशी बोलणार नाहीत.

बदामीत गावाला लागूनच बोल्ट मारलेले रूट आहेत (म्हणजे दोर अडकवायला दगडात पक्क्या खुंट्या ठोकलेले चढाईचे मार्ग), अगदी नवशिक्यापासून ते भल्याभल्यांची जिरेल इतपत, देशभरातले आणि बाहेरचेही क्लायंबर हिवाळ्यात तिथे येऊन राहतात. दगडाची ग्रिप म्हणजे काय सांगू, बूट चिकटतात. सह्याद्रीत आपण होल्ड म्हणजे हातापायाला पकड शोधत बसतो, तिथे नुसत्या घर्षणावर उभं राहता येतं. फक्त बोटांची वाट लागते, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहाचा कप धरताना हुळहुळतं, माझा आयडी बघा. टेप घेऊन जा भरपूर.

इंजिनियर मित्राला सांगा, तो दगड भुसभुशीत असता तर त्याच्यात मारलेले बोल्ट राहिलेच नसते.

मु_पो_कामठी · मंगळवार, रात्री ११.३१

पुण्याच्या लोकांना वाळूचा दगड बघायला कर्नाटक नाहीतर एमपी लागते, वा. महाराष्ट्रात विदर्भ नावाचा एक भाग आहे साहेब, नकाशात उजवीकडं बघा. आमच्या गावाच्या नावानं अख्खी खडकांची मालिका ओळखतात भूशास्त्रात, कामठी फॉर्मेशन, गोंडवन काळातला वाळूचा दगड. चंद्रपूर-गडचिरोलीकडं सिरोंचाला जा, त्याच वंशातल्या दगडात झाडांची खोडं दगड होऊन पडून आहेत वडधमला, डायनासोरची हाडं सापडलीत त्या भागात.

आता कडे नाहीत तसे, हे मान्य. कड्यासाठी पचमढीच. आमच्याकडून नागपंचमीला नागद्वारची यात्रा असते, महाशिवरात्रीला चौरागडला त्रिशूळ घेऊन जातात लोक, हजाराच्या वर पायऱ्या आहेत, म्हातारी माणसं अनवाणी चढतात. ट्रेकिंग शूज, हायड्रेशन बॅग काही नाही, "हर बोला महादेव" अन् चालले.

बंडूनाना · मंगळवार, रात्री ११.३८

कामठी, तुमचा प्रतिसाद वाचून पहिल्यांदा नकाशात उजवीकडे बघितलं. खरंच आहे की.

हलके घ्या.

गारगोटीबाई · बुधवार, सकाळी ७.०५

धागा वाचून राहवलं नाही. मी भूशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त, त्यामुळे लांबण लागणार. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी सरळ खाली उतरावं.

खडकवासला, तुम्ही आणि तुमचा इंजिनियर मित्र दोघं अर्धे बरोबर आहात. वालुकाश्म हे एका दगडाचं नाव नाही, मोठं खानदान आहे. त्यातला कण बहुतेक वेळा क्वार्ट्झचा म्हणजे गारेचा असतो, आणि गार ही बसाल्टमधल्या मुख्य खनिजांपेक्षा कठीण. तेव्हा प्रश्न कणाचा नाहीच, कण कशानं चिकटलेत त्याचा आहे. राजगिऱ्याचा लाडू घ्या, दाणा काही मोडत नाही, पाक कसा झालाय त्यावर लाडू हातात राहतो की कपड्यांवर सांडतो ते ठरतं. वाळूच्या दगडात हा पाक सिलिकेचा म्हणजे गारेच्याच द्रव्याचा असेल तर हातोडी मारल्यावर टणत्कार येतो आणि दगड फुटला तर कणांनाच चिरत आरपार फुटतो. चुन्याचा, चिकणमातीचा किंवा नुसत्या लोहाचा असेल तर अंगठ्यानं घासलं तरी वाळू हातात येऊ शकते. एकाच कड्यात दोन हातांच्या अंतरावर दोन्ही प्रकार भेटू शकतात. म्हणून "वाळूचा दगड पक्का की कच्चा" याला उत्तर नाही, "हा थर पक्का की कच्चा" याला आहे.

आता वयाचं. आपला दक्खनचा बसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पचमढीचा वाळूखडक ट्रायासिक काळातला, म्हणजे साधारण चोवीस-पंचवीस कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी आणून टाकलेली जाडीभरडी वाळू आणि गोटे. बदामीचा तर बसाल्टच्या दहापट जुना तरी नक्कीच, कलादगी खोऱ्यातला, म्हणजे उत्तर कर्नाटकातल्या प्राचीन गाळाच्या खडकांतला. तेव्हा जमिनीवर झाड नव्हतं, गवताचं पातं नव्हतं. याचा दगडाशी काय संबंध असं मुलं नेहमी विचारायची. आज नदीचा काठ मुळांनी बांधलेला असतो म्हणून नदी एका पात्रात राहते. मुळंच नाहीत म्हटल्यावर नद्या वाटेल तिकडे पसरायच्या, पाच-पन्नास धारांनी वाहायच्या, वाळू मैलोन् मैल चादरीनं अंथरायच्या. बदामीचा कडा समोरून बघताना जे थर लांबच लांब सरळ जाताना दिसतात त्याचं कारण बरंचसं हे आहे.

आणि जवळ गेल्यावर त्या आडव्या थरांच्या पोटात तिरक्या रेघा दिसतील, एका दिशेला झुकलेल्या. पाण्याखाली वाळूचे उंचवटे पुढे सरकत जातात, त्यांच्या पुढच्या उतारावर कण घसरून बसतात, त्या या रेघा. ज्या दिशेला उतरतात त्या दिशेला तेव्हाची नदी वाहत होती. लेकीला वही आणि होकायंत्र द्या, दोन तासांत ती तुम्हाला इतक्या जुन्या नदीची दिशा काढून देईल. माझ्या मते सहलीचे पैसे तिथेच वसूल.

तैलबैला_फॅन · बुधवार, सकाळी ९.२०

बाई, प्रतिसाद जबरी. वाचनखूण साठवली आहे.

पण सालटं, तुमच्या एका मुद्द्याशी असहमत. बोल्ट टिकले म्हणजे दगड पक्का हा उलटा न्याय झाला, बोल्ट मारणाऱ्यानं पक्की जागा बघूनच मारलेला असतो ना. रूट सोडून इकडेतिकडे गेलं की बदामीतसुद्धा पापुद्रे हातात येतात, स्वतः बघितलंय, ताटाएवढा तुकडा निघून खाली गेला, नशीब खाली माकड पण नव्हतं.

आणि दुसरं, हे "सह्याद्रीचा कातळ म्हणजे पक्का" पण ऐकून ऐकून कंटाळा आला. अलंग-मदनच्या भागात फिरलेल्या कोणालाही विचारा. पोकळ्यावाला बसाल्ट असतो तो झिजून मुरूम होतो, दोन लाव्ह्यांच्या मधला तांबडा मातकट थर तर नखानं खरवडता येतो. घसाऱ्यावर घसरत उतरतो आपण तेव्हा कुठे जातो तो पक्का कातळ? आमचा तैलबैला उभा आहे कारण तो डाईक, भेगेत घुसून थिजलेला लाव्हा, आजूबाजूचं झिजून गेलं आणि भिंती राहिल्या.

सालटं_निघाली · बुधवार, सकाळी ९.४१

मान्य, बोल्टचा मुद्दा मागे घेत नाही पण अर्धा गिळतो.

पापुद्र्याचं मात्र एकदम खरं. तिथले जुने लोक एक गोष्ट शिकवतात, होल्ड धरायच्या आधी बोटाच्या सांध्यानं टकटक करायचं. भरीव आवाज आला तर ठीक, डबडब आवाज आला तर तो पापुद्रा, हात काढायचा. सह्याद्रीतही करतो आपण पण इथे मोठ्या सुंदर दिसणाऱ्या होल्डनाही करायचं. सुंदर होल्डच जास्त दगा देतात.

पेठेतला_काका · बुधवार, सकाळी १०.०३

माणसांचंही तसंच.

मृणाल_वाकड · बुधवार, दुपारी १.१०

+१ काका

बाईंना एक प्रश्न. बदामीच्या कड्यावर बऱ्याच ठिकाणी जाळीजाळीचे खड्डे असतात, छोटे छोटे, शेजारी शेजारी. गाईड म्हणाला तोफांच्या गोळ्यांचे आहेत. इतक्या व्यवस्थित तोफा कोण मारतं? आणि लाल-पिवळ्या लाटा लाटा दिसतात दगडात त्या काय आहेत?

गारगोटीबाई · बुधवार, दुपारी ३.४५

मृणाल, तोफखाना इतका नेटका असता तर इतिहास वेगळा झाला असता. दगडाच्या छिद्रांतून पाणी बाहेर येतं, पृष्ठभागाशी येऊन सुकतं, त्यातला क्षार मागे राहतो. क्षाराचे स्फटिक वाढताना कणांना एकमेकांपासून ढकलतात, कण सुटून पडतात, खळगा होतो. खळग्यात सावली आणि ओल जास्त टिकते म्हणून तो आणखी खोल होत जातो, मधल्या भिंती तेवढ्या राहतात.

रंग लोहाचा. मुळात अगदी थोडं लोह असलं तरी कणांवर गंजाचा पातळ थर बसतो आणि सगळा कडा लाल दिसतो. पाण्याबरोबर हे लोह दगडाच्या आत हिंडतं, जिथे जमेल तिथे पट्ट्यांनी साचतं, त्या तुमच्या लाटा. त्यांचा थरांशी संबंध असेलच असं नाही, बऱ्याचदा त्या थरांना आडव्या छेदून जातात. नवखे लोक त्यांनाच थर समजून नदीची दिशा काढायला बसतात. लेकीला हे आधी सांगून ठेवा हो खडकवासला.

अजून एक. पाणी आतून विरघळलेला माल बाहेर आणतं त्यामुळे काही कड्यांना वरून कडक कवच येतं आणि आतला दगड मऊ पडतो. कवच शाबूत आहे तोवर कडा शाबूत. ते खरवडलं, नाव कोरलं, वायर ब्रशनं घासलं की आतला मऊ भाग उघडा पडतो आणि मग झिजायला वेळ लागत नाही. तेव्हा नाव कोरणारा नुसतं विद्रूप करत नाही, जखम करतो.

फडकेवाडा · बुधवार, रात्री ८.३०

दगडाचं झालं असेल तर जरा माणसांचं बोलू. बदामीच्या कड्यावर पहिल्या पुलकेशीनं किल्ला बांधल्याचा शिलालेख इ. स. ५४३ चा आहे, तिसऱ्या लेण्यातला मंगलेशाचा ५७८ चा. ६४२ मध्ये पल्लव नरसिंहवर्म्यानं वातापी घेतली, म्हणजे ही बदामीच, त्याचाही लेख तिथल्या कातळावर आहे. नुसता कडा वाचत गेलात तरी शंभर वर्षांचं राजकारण मिळतं. आणि १७८६ मध्ये मराठ्यांनी टिपूकडून बदामी घेतली, हरिपंत फडके होते त्या मोहिमेत. त्यामुळे पुण्याहून बदामीला जाणारे तुम्ही पहिले नाही.

किल्ल्याची जागा का निवडली ते चढताना कळतं. उत्तरेच्या टेकडीवर जाताना वाट दोन उभ्या भिंतींच्या मधल्या चिंचोळ्या फटीतून जाते, एका वेळी फार माणसं येऊच शकत नाहीत. तटबंदी निसर्गानं बांधून दिली, राजांनी वर बुरूज ठेवले.

बंडूनाना · बुधवार, रात्री ८.३६

फडकेवाडा हरिपंतांचा उल्लेख आडनावाच्या प्रेमापोटी करत आहेत याची वाचकांनी नोंद घ्यावी.

गारगोटीबाई · बुधवार, रात्री ९.१५

त्या फटी म्हणजे सांधे. अख्ख्या पठाराला ताण पडून उभ्या भेगा गेलेल्या असतात, बऱ्याचदा एकमेकींना काटकोनाच्या आसपास. पाऊस त्या भेगा रुंद करत जातो. खालचा मऊ थर आधी झिजतो, वरचा ठोकळा अधांतरी राहतो आणि एक दिवस भेगेवरून सरळ सुटून कोसळतो, म्हणून मागे राहणारा कडा उभा तासल्याप्रमाणे दिसतो. बदामीच्या तलावाच्या कडेनं पडलेले मोठमोठे ठोकळे बघा, ते वरून आलेत. पचमढीत हांडी खोह ही घळ याच प्रकारची, भेगांच्या रेषेत कापली गेलेली, वरून डोकावलं तर तळ पटकन दिसत नाही.

आणि पचमढीच्या भागात एक गंमत आहे जी आपल्या लोकांनी बघायलाच हवी. त्या लाल-करड्या वाळूखडकात काळ्या दगडाचे डाईक घुसलेले आहेत, दक्खनच्या ज्वालामुखीच्या काळातले. म्हणजे तुमचा तैलबैला तिकडे वाळूच्या दगडात पाहुणा आहे.

तैलबैला_फॅन · बुधवार, रात्री ९.१८

बाई 🙏 आता पचमढी कॅन्सल होऊ शकत नाही.

एणगाई_भाकरी · गुरुवार, सकाळी ११.००

इतके प्रतिसाद झाले आणि जेवणाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही, पुणेकर आहात की कोण?

बदामीपासून पाचेक किमीवर बनशंकरी. देवळाच्या आवारात बायका टोपल्या घेऊन बसलेल्या असतात, कडक ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, भरली वांगी, वर दही. दगडाचं वय वगैरे ठीक आहे पण दुपारी एकच्या उन्हात लेण्यांच्या पायऱ्या उतरून आल्यावर ती भाकरी समोर आली की बाकी सगळं विसरायला होतं. पचमढीत मला काय खाल्लं ते आठवतसुद्धा नाही, यातच काय ते समजा.

शाकंभरीदास · गुरुवार, सकाळी ११.४२

बनशंकरी आमची कुलदेवता. पौष पौर्णिमेला जत्रा असते आणि ती पुढे बरेच दिवस चालते, त्या काळात बदामीत खोली मिळणं मुश्कील. तारखा पंचांगात बघून जा.

सत्तरीच्या बाबांसाठी: चार लेणी पायऱ्यांवर आहेत पण मधे मधे बसायला जागा आहे, आमची आई काठी घेऊन सगळी बघून आली. माकडांपासून पिशवी आणि चष्मा सांभाळा. भूतनाथाच्या देवळापर्यंत तलावाच्या काठानं सपाट चालणं आहे, सकाळी बाबांना तिथे बसवा, तुम्ही किल्ला करून या.

चालायचं असेल तर बदामीहून महाकूटला डोंगरावरून जुनी पायवाट आहे, दगडी पायऱ्यांची, आमचे आजोबा त्याच वाटेनं जायचे म्हणतात. महाकूटला झऱ्याच्या पाण्याचं कुंड आहे, पोरं उड्या मारत असतात.

सिमेंट_सदाशिव · गुरुवार, दुपारी ४.२०

मीच तो इंजिनियर. मला लिंक पाठवलीन खडकवासल्यानं, कुत्सित स्मायलीसकट.

बाईंचा सगळा प्रतिसाद वाचला, आवडला, तरी माझा मुद्दा उभाच आहे. वाळूचा दगड पाणी पितो. काही वाळूखडक भिजल्यावर निम्मी ताकद गमावतात, हे प्रयोगशाळेत दाबून बघितलेलं आहे. बसाल्ट पावसात निसरडा होतो, शेवाळ येतं, पण दगडाची स्वतःची ताकद फारशी हलत नाही. आपली सगळी पिढी पावसाळी ट्रेकवर वाढलेली, धो धो पावसात कडा चढणं यात आपल्याला मर्दुमकी वाटते. ही सवय घेऊन वाळूखडकावर गेलं तर होल्ड हातात आणि माणूस खाली. मी "जीवाशी खेळ" म्हणालो ते या अर्थानं. अर्थात चॅटवर एवढं टाईप करायचा कंटाळा आला होता.

सालटं_निघाली · गुरुवार, दुपारी ४.५०

सदाशिवराव, यात एक शब्द इकडचा तिकडे नाही. जर्मनी आणि चेकच्या सीमेवर एल्बे नदीकाठी वाळूखडकाचे सुळके आहेत, तिथल्या जर्मन बाजूला तर ओल्या दगडावर चढायला बंदीच आहे. इतकंच नाही, भेगेत लोखंडी साधन अडकवायचं नाही, दोराच्या गाठी करून त्या भेगेत बसवायच्या आणि त्यावर जीव टाकायचा. हाताला चॉक, म्हणजे घाम शोषणारी पांढरी पावडर, पण लावू देत नाहीत. सगळं कशासाठी तर दगड खराब होऊ नये.

पाऊस पडून गेल्यावर वरून कोरडं दिसलं तरी आत ओल असते. कड्याच्या पायथ्याची माती बोटभर उकरून बघायची, ओली लागली तर त्या दिवशी भाकरी खायला बनशंकरीला जायचं. डिसेंबरात बदामीत सहसा प्रश्न येत नाही पण बंगालच्या उपसागरात काही शिजलं तर अवकाळी येतो, हवामान बघून निघा.

आणि चढायच्या आधी तिथे चौकशी करा, काही कडे पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित हद्दीत येतात. लेण्यांच्या अंगाला दोर टाकायचा विचारसुद्धा नको.

पेठेतला_काका · गुरुवार, संध्याकाळी ६.१५

माझं स्पष्ट मत, देवळं-लेणी असलेल्या गावात ते क्लायंबिंग बिंबिंग बंदच करावं. सगळीकडे बोल्ट ठोकायचे आणि पांढऱ्या पावडरीचे पंजे उमटवायचे. वर हेच लोक "लव्ह" कोरणाऱ्यांना नावं ठेवणार.

सालटं_निघाली · गुरुवार, संध्याकाळी ६.३३

काका, पंज्यांबद्दल तुमचं बरोबर आहे, चढून झाल्यावर मऊ ब्रशनं झाडायला हवं आणि बरेच लोक झाडत नाहीत. पण क्लायंबरांमुळे गावात पोरांना काम मिळालंय, बिले द्यायला म्हणजे खालून दोर सांभाळायला, गाड्या भाड्यानं द्यायला, खानावळी चालवायला. बंदी घातली की बोल्ट काढायला कोणी येणार नाही, फक्त लक्ष ठेवणारे लोक जातील.

पेठेतला_काका · गुरुवार, संध्याकाळी ६.४०

मत बदललेलं नाही. ब्रशचं आवडलं.

मृणाल_वाकड · गुरुवार, रात्री १०.०५

थोडं अवांतर. वाळूखडकाचा विषय आहे तर पचमढीला जाणाऱ्यांनी येताजाता भोपाळजवळ भीमबेटका करावंच. विंध्य वाळूखडकातल्या नैसर्गिक गुहा आणि त्यात चित्रं. १९५७ मध्ये आपले विष्णू श्रीधर वाकणकर रेल्वेनं जाताना खिडकीतून ते कडे दिसले म्हणून उतरून शोधायला गेले. २००३ पासून जागतिक वारसा आहे.

तिथलीच मजा सांगते. २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की तिथल्या मोठ्या गुहेच्या छताजवळ डिकिन्सोनियाचं जीवाश्म सापडलं, पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीचा जीव, जगभर बातम्या. दुसऱ्या लोकांनी जाऊन बघितलं तर ते "जीवाश्म" दगडावरून सुटून निघायला लागलेलं. मधमाशांच्या पोळ्याचा वाळलेला अवशेष होता तो! २०२३ मध्ये तसं छापून आलं आणि मूळ शास्त्रज्ञांनीही मान्य केलं.

बंडूनाना · गुरुवार, रात्री १०.११

म्हणजे पंचावन्न कोटी वर्षांचा फरक मधमाशीनं मिटवला. आमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या वादात हिला पाठवता येईल का?

तैलबैला_फॅन · गुरुवार, रात्री १०.२०

विनोद बाजूला, मधमाशांचं गंभीरपणे घ्या. आग्या मोहोळ आपल्या कड्यांवर असतं तसं त्या लाल कड्यांच्या कपारीतही असतं. परफ्यूम नको, आरडाओरडा नको, धूर तर अजिबात नको. कड्याला काळे अर्धगोल लटकलेले दिसले तर वाट बदला, फोटो लांबून काढा.

गारगोटीबाई · शुक्रवार, सकाळी ६.५०

मृणाल, मूळ शास्त्रज्ञांनी जाहीरपणे मान्य केलं याचं मला त्या प्रकरणात सगळ्यात कौतुक वाटलं. आणि नुकसान नुसतं एका जीवाश्माचं नव्हतं बरं का, त्यावरून त्या खडकाचं वय ठरवायला निघाले होते लोक. विंध्य खडकांच्या वयाचा वाद फार जुना आहे, तो पुन्हा होता तिथे आला.

आणि ज्यांना कुठेच जायचं नाही त्यांच्यासाठी: आपापल्या सोसायटीच्या लॉबीत बघा, भिंतीला पिवळट-गुलाबी दगड लावला असेल तर तो ढोलपूरचा असण्याची बरीच शक्यता, म्हणजे राजस्थानातला वाळूखडक. त्यावर तिरक्या रेघा शोधा. स्वयंपाकघरातला काळा कडाप्पा आणि जुन्या वाड्यांतली शहाबादी फरशी मात्र चुनखडक, त्यात नको शोधायला.

मु_पो_कामठी · शुक्रवार, सकाळी ९.३०

बाईंनी अख्ख्या पुण्याला लॉबीत उकिडवं बसवलं आज.

खडकवासला, पचमढीचं ठरलं तर: पिपरियाला उतरायचं, तिथून पन्नासेक किमी. जंगलातल्या पॉइंटला वनखात्याचं तिकीट आणि जिप्सी लागते, धूपगडला पण. १३५० मीटर आहे धूपगड, सातपुड्यातलं सगळ्यात उंच शिखर, अन् जवळजवळ वरपर्यंत गाडी जाते, बाबांना सूर्यास्त दाखवा. पण डिसेंबरात रात्री कडाक्याची थंडी, पुण्याचं स्वेटर चालणार नाही.

खडकवासला_लोकल · शुक्रवार, रात्री ११.०५

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. घरी मतदान झालं. बाबांचा गुडघा, पाच दिवसांतला प्रवासाचा वेळ आणि भाकरी या तीन मुद्द्यांवर बदामी जिंकली. तैलबैला नाराज होणार, पण पचमढीला लेकीची बारावी झाल्यावर, तेव्हा आठवडाभर काढून जाऊ, भीमबेटका धरून.

गाडीनं जायचं ठरतंय. कोल्हापूर-संकेश्वर-गोकाक करून जावं की सोलापूर-विजयपूर? बाबा म्हणतात सोलापूरवरून, कारण गोलघुमट. लेक म्हणते दगड कुठे बदलतो ते बघायचंय.

गारगोटीबाई · शनिवार, सकाळी ७.१५

जाताना गोकाक, येताना सोलापूर. गोकाकच्या बाजूला आपल्या बसाल्टची चादर विरत जाते आणि तिच्याखालचा जुना दगड उघडा पडतो. धबधबा ज्या कड्यावरून पडतो तो याच कलादगी खानदानातला, सिलिकेनं इतका घट्ट बांधलेला की क्वार्ट्झाइट म्हणावा. घटप्रभा तिथे सुमारे पन्नास मीटर खाली पडते. डिसेंबरात पाणी कमी असेल पण आपल्याला कडाच बघायचाय, पाणी नसलेलं बरं. पुलाशी थांबून तिला थर दाखवा.

सिमेंट_सदाशिव · शनिवार, सकाळी १०.४०

मी येतोय. छोटी हातोडी आणि भिंग घेतोय.

गारगोटीबाई · शनिवार, सकाळी १०.५५

हातोडी घरी ठेवा सदाशिव, संरक्षित स्थळ आहे. भिंग चालेल, दहा पटीचं घ्या.

बंडूनाना · शनिवार, सकाळी ११.०२

गाडीत एक सीट रिकामी आहे का? दगडाचं काही नाही, वांग्याच्या भाजीचं म्हणतोय.

खडकवासला_लोकल · शनिवार, सकाळी ११.३०

आहे, पण मागची, मधली. दोन्ही बाजूला क्लायंबर आणि मांडीवर रोपची बॅग. २३ तारखेला पहाटे पाचला वारजे पुलाखाली.